मुले संस्थेच्या हवाली केली, आईबापपण नव्हे!



बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पाळा नावाचे एक गाव आहे. त्या गावी आदिवासी मुलामुलींकरिता एका खाजगी संस्थेने चालविलेली अनुदानित निवासी आश्रमशाळा होती. २०१६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तेथील मुली आपापल्या घरी गेल्या. त्यांच्यापैकी एका अल्पवयीन मुलीने घरी गेल्यावर पोट दुखत असल्याची तक्रार केली. आईबापांनी जवळ घेऊन विचारले, तेव्हा तिच्या तोंडून जे बाहेर पडले ते ऐकून कोणत्याही माणसाची मान शरमेने खाली जावी. शाळेतल्याच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला होता. आईबाप गप्प बसले नाहीत. त्यांनी तक्रार केली आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सारा महाराष्ट्र हादरला. मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी व कर्मचारी मिळून अकरा जणांना अटक झाली. तपासासाठी विशेष पथक नेमण्यात आले. शाळेची मान्यता रद्द करण्याची घोषणा झाली.

कोणत्या आरोपीचा किती दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. ते काम आम्ही आमच्याकडे घेत नाही. परंतु या प्रकरणातील एका गोष्टीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. त्या शाळेत मोठ्या माणसांचा तोटा नव्हता. शिकवायला शिक्षक होते, कारभार पाहायला मुख्याध्यापक होते, अनुदान घ्यायला संस्था होती आणि तपासणीला यायला सरकारी अधिकारी होते. हजेरीपटावर मुलीचे नाव रोज लिहिले जात होते. इतक्या डोळ्यांच्या देखत जे दिसले नाही, ते मुलगी घरी येताच आईबापांना दिसले. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, पद नव्हते, तपासणीचा अधिकार नव्हता. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. मूल कण्हले की का कण्हले हे विचारण्याची सवय! हे प्रकरण दिवाळीच्या सुट्टीत उघडकीस आले, याचा सरळ अर्थ असा की, सुट्टी लागली नसती तर ते आणखी किती दिवस झाकून राहिले असते कोणास ठाऊक.

म्हणूनच आमचा पहिला सिद्धांत असा आहे की, मूल शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या हवाली केले म्हणजे आईबापपण हवाली केले असे होत नाही.

संस्थाचालकांचा युक्तिवाद

या सिद्धांताला विरोध करणारे पुष्कळ आहेत. पालकाने प्रश्न विचारला की संस्थाचालकांच्या कपाळाला आठी पडते. "आम्ही तुमच्या पोरांना फुकट जेवू घालतो, फुकट शिकवतो, आणि वर तुम्ही आम्हालाच जाब विचारता?" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. हे बोलणे जितके उद्धट आहे तितकेच खोटे आहे. अनुदानित आश्रमशाळेतील शिक्षकांचा पगार शासन देते. मुलांच्या जेवणाखाण्याचे परिपोषण अनुदान शासन देते, आणि तेही मुलांची संख्या मोजून देते. ते शासनाचे द्रव्य म्हणजे तुमच्या-आमच्या काडीपेटीवरच्या कराचे द्रव्य होय. तेव्हा येथे दाता कोण आणि याचक कोण, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. मूल पटावर आहे म्हणून संस्थेला अनुदान आहे. संस्थेला मूल हवे असते, आणि मुलाने तोंड उघडलेले मात्र नको असते. या दोन इच्छा एकत्र आल्या की जे घडते त्याचे नाव पाळा.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड भाषेत केला जातो. "एका मुलीच्या तक्रारीपायी शेकडो मुलांची शाळा बंद पाडायची काय? समाजाचे नुकसान कोण भरून देणार?" वाचकहो, हा युक्तिवाद नवा नाही. तो पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा मुंबई सरकारने त्याला हेच उत्तर दिले होते. मुलाची बाजू न्यायाची आहे, हे सरकारला अमान्य नव्हते. परंतु एकट्यादुकट्या मुलासाठी हस्तक्षेप केल्यास बाकीच्या बहुसंख्य लोकांना ती शाळा निरुपयोगी होईल, असे कारण सांगून त्याला दाराबाहेर ठेवण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात हे प्रकरण मुद्दाम मांडले, ते उगाच नव्हे. एकाचा न्याय अनेकांच्या सोयीच्या पायी तुडविला जातो, तेव्हा तो एक कोण असतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. तो एक नेहमी दुबळ्याच्याच घरचा असतो! १८५६ साली त्या एकाला शाळेच्या बाहेर ठेवून शाळा वाचविली, आणि आज त्या एकाला शाळेच्या आत गप्प ठेवून शाळा वाचवू पाहतात. आमचे म्हणणे उलट आहे. ज्या शाळेत एका मुलीला निर्भयपणे बोलता येत नाही ती शाळा उरलेल्या शेकडो मुलांसाठीही सुरक्षित नसते. तक्रार करणारा बाप शाळा बुडवीत नाही. तक्रार दडपणारा मुख्याध्यापक ती बुडवितो.

कायद्याचे मतही हेच आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणून ओळखतो, त्याच्या १९ व्या कलमाने असा अपराध झाल्याचे ज्याला कळेल त्या प्रत्येकावर पोलिसांना खबर देण्याचे बंधन घातले आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवून ठेवला, तर २१ व्या कलमाप्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या, मग पाहू" असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही मुख्याध्यापकाला नाही, आणि "आपसात मिटवून टाका" असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही सरपंचाला, पाटलाला अथवा पंचाला नाही.

ठाण्याची पायरी

शाळेच्या दारातून निघालेला बाप पोलीस ठाण्याच्या दारात येतो. तेथे काय घडते? तेथे त्याला बाकावर बसविले जाते. साहेब बाहेर गेले आहेत, असे सांगतात. मग हद्दीचा प्रश्न निघतो. मग मुलीची चौकशी सुरू होते आणि पाहता पाहता फिर्यादीचा आरोपी होतो. "मुलीला एवढ्या लांब ठेवलीच कशाला? इतके दिवस झोपला होतास काय?"

हा अनुभव केवळ रानातल्या आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचा आहे, असे कोणी समजू नये. २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले. तेथील पालक शहरातले होते. तरीही गुन्हा नोंदवून घेण्यास तासन्‌तास विलंब झाला. २० ऑगस्ट रोजी लोकांनी रेल्वे रोखून धरली, तेव्हा शासन जागे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, आणि शाळेने माहिती न दिल्याबद्दल व पोलिसांनी दिरंगाई केल्याबद्दल कडक शब्दांत सुनावले. रेल्वे स्थानक जवळ असलेल्या शहरी पालकाची जर ही गत, तर सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद किंवा संग्रामपूरकडच्या पाड्यावर राहणाऱ्या बापाने काय रोखावे? तो आपली बैलगाडी आडवी लावील, तर तिची दखल कोण घेईल?

म्हणून वाचकहो, रेल्वे रोखण्याची पाळी येण्यापूर्वी कायद्याचे कलम हाती धरावयास शिका. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात निर्णय दिला आहे की, दखलपात्र अपराधाची खबर मिळताच पोलिसांनी गुन्हा नोंदविलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची नक्कल फिर्यादीस विनामूल्य मिळते. ठाणेदाराने नकार दिला तर तीच खबर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, आईबापांच्या किंवा मुलीचा ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्या समक्ष घ्यावा, अशी पॉक्सोची आज्ञा आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच केली पाहिजे. कोणत्याही मुलाला कोणत्याही कारणास्तव रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. या सवलती नव्हेत. हे हक्क आहेत, आणि हक्क हात जोडून मागावयाचा नसतो.

"पोर सरकार घेऊन जाईल"

आता तिसऱ्या दाराकडे येऊ. हे दार बालकल्याण समितीचे. या दाराची आपल्या लोकांना शाळेपेक्षा आणि पोलिसांपेक्षाही अधिक भीती वाटते. "तक्रार केलीस तर तुझ्या पोरीला सरकार नेऊन सुधारगृहात टाकील" अशी धमकी देणारे गावोगाव आहेत, आणि ही धमकी ऐकून अर्ध्या वाटेवरून परत फिरणारे बापही आहेत.

ही भीती अडाणीपणाची आहे, असे म्हणून आम्ही तिला हसणार नाही. तिच्यामागे इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक जमाती जन्मानेच चोर ठरविल्या. १८९७ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली की, या जमातींची चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवता यावीत. मुलाचा अपराध काय? त्याने त्या आईच्या पोटी जन्म घेतला, हा! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु पाठीवरचे वळ कायदा रद्द झाल्याने पुसले जात नाहीत. पारधी बाप आजही पोलिसाची टोपी पाहून आधी पोराला झोपडीत लपवितो, तेव्हा त्याच्या मागे ही सारी वर्षे उभी असतात. ज्यांच्या वाडवडिलांच्या गळ्यात मडके बांधले होते, त्या आम्हाला त्याची ही भीती समजली नाही तर दुसऱ्या कोणाला समजणार?

परंतु भीती समजून घेणे वेगळे आणि भीतीच्या आज्ञेत राहणे वेगळे. आजची बालकल्याण समिती त्या जुन्या कायद्याची नव्हे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात ती नेमावयाची असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांपैकी एक तरी स्त्री. मुलाची काळजी घेण्याची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, ही त्या कायद्याच्या ३ ऱ्या कलमातील तत्त्वे आहेत. पॉक्सोच्या गुन्ह्याची माहिती पोलिसांनी चोवीस तासांत समितीला दिली पाहिजे, हे खरे. पण माहिती देणे म्हणजे मूल उचलून नेणे नव्हे. आरोपी मुलाच्या स्वतःच्याच घरात राहणारा असेल, किंवा मुलाला घर व आईबाप नसतील, तर मुलाला समितीपुढे नेण्याचा प्रश्न येतो. आरोपी शाळेतला असेल आणि आईबाप पाठीशी उभे असतील, तर त्या आईबापांच्या मांडीवरून मूल काढून घेण्यास कायद्यात आधार नाही. उलट, खटला संपेपर्यंत कुटुंबाला साहाय्य करणारी व्यक्ती समितीकडून मिळू शकते, आणि तीही मुलाच्या व पालकाच्या संमतीने. समितीचा एखादा आदेश अन्यायाचा वाटला तर तीस दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील करता येते. तेव्हा धमकी देणाऱ्याला उलट विचारा, "कोणत्या कलमाने नेणार? ते कलम दाखव!" त्याला ते दाखविता येणार नाही.

येथे आम्हाला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अर्धे सत्य सांगून आपली बाजू बळकट करणे हे आम्हाला पसंत नाही. आईबाप म्हणजे मुलाचे मालक नव्हेत. दारू पिऊन पोराला मारणारा बाप आहे. कोवळ्या मुलीचे लग्न लावून मोकळी होणारी आई आहे. घरातल्याच माणसाचे कुकर्म झाकणारी कुटुंबे आहेत. अशा घरातील मुलासाठी समितीचे दार उघडे असलेच पाहिजे, आणि तेथे ती मूल घेऊन जात असेल तर आम्ही समितीच्या बाजूने उभे राहू. आमचा झगडा समितीशी नाही. मुलाच्या हिताचे नाव घेऊन जो गरिबाच्या घरावर संशय घेतो आणि श्रीमंताच्या संस्थेवर विश्वास टाकतो, त्या दुटप्पी नजरेशी आमचा झगडा आहे. गरिबाची झोपडी तपासावयाची असेल तर तपासा. परंतु त्याच काटेकोरपणे संस्थेचे कुलूपबंद दालनही तपासा! पाळ्याला घर सुरक्षित ठरले आणि संस्था असुरक्षित ठरली, हे कोणत्याही अधिकाऱ्याने विसरता कामा नये.

आपल्या घरातले मौन

शेवटी एक कडू गोष्ट. शाळा, पोलीस आणि समिती या तीन दारांविषयी आम्ही लिहिले. पण चौथे एक दार आहे आणि ते आपल्याच घराचे आहे. तेथे "अब्रू" नावाचा पहारेकरी बसलेला असतो. मुलगी बोलू लागली की तो तिच्या तोंडावर हात ठेवतो. "लोक काय म्हणतील? उद्या हिचे लग्न कसे होईल?"

आपण धम्माची दीक्षा घेतली ती कशासाठी? जुन्या धर्माने स्त्रीच्या देहावर साऱ्या घराण्याची अब्रू टांगून ठेवली होती. ती खुंटी आपण उपटून टाकली, असे आपण जगाला सांगतो. मग अपराध करणारा मोकळा फिरतो आणि अपराध सोसणारी तोंड लपविते, हा जुनाच व्यवहार आपल्या ओसरीवर चालतो कसा? बुद्धाने कर्माला महत्त्व दिले. कर्म करणाराचे असते. दुसऱ्याने केलेल्या पापाचा डाग आपल्या लेकराच्या कपाळी लावणे, हे ना धम्मात बसते ना बुद्धीत. शिवाय मुलीचे नाव, गाव, छायाचित्र प्रसिद्ध करणे हा पॉक्सोच्या २३ व्या कलमाप्रमाणे अपराध आहे. खटला बंद दाराआड चालतो. तेव्हा अब्रूच्या भीतीने गप्प बसण्यास कारणही उरत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. पाळ्याच्या शाळेतील मुली आदिवासी होत्या. "ती आपल्यातली नव्हेत, आपण कशाला पडावे?" असे म्हणणारे आपल्यातही निघाले तर आश्चर्य नाही. आम्ही त्यांना विचारतो, आपल्या पोराला वर्गाबाहेर पोत्यावर बसविले जात होते, तेव्हा सारे गाव हेच म्हणत होते ना? ज्याला दुसऱ्याच्या लेकराचे दुःख परके वाटते त्याने करुणेचे नाव घेऊ नये.

कर्तव्य

वाचकहो, आपल्या जिल्ह्यातून शेकडो कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात. पोरांना वसतिगृहात ठेवल्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. म्हणून मुले वसतिगृहात पाठवू नका, असे आम्ही सांगणार नाही. शिक्षणावाचून आपल्याला दुसरा आधार नाही, आणि काही नराधमांच्या भीतीने मुलींना घरी बसविणे म्हणजे त्या नराधमांनाच विजय मिळवून देणे होय. मुलींना पाठवा, पण डोळे उघडे ठेवून पाठवा.

मूल ठेवण्यापूर्वी वसतिगृह स्वतः पाहून या. मुलींच्या निवासात रात्री कोणती स्त्री राहते, कुलूप कोणाजवळ असते, संडासाची सोय कोठे आहे, हे विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या संस्थेत मूल ठेवू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे अनुदानित शाळेतही व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. ती केवळ कागदावर असेल तर तिची सभा मागा. दूरच्या पालकांना दर महिन्याला जाणे जमत नाही. तेव्हा एका गावच्या चार पालकांनी पाळी लावावी, आणि जो जाईल त्याने चौघांच्याही मुलांना भेटून यावे. १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या. आणि सुट्टीत मूल घरी आले की परीक्षेत गुण किती मिळाले हे विचारण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारा, "बाळा, तेथे तुला कोणाची भीती तर वाटत नाही ना?" मूल जे सांगेल त्यावर आधी विश्वास ठेवा.

तक्रारीची वेळ आली तर एकट्याने जाऊ नका. गावातील बुद्धविहार केवळ वंदनेसाठी नाही. तेथे चार शिकलेली मुले असतात. त्यांतील एकाने अर्ज लिहावा, एकीने मुलीच्या आईसोबत बसावे, एकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन विनामूल्य वकील मागावा. बाप ठाण्यात एकटा गेला की त्याला बाकावर बसवितात, आणि पाचजण गेले की खुर्ची देतात. हा अन्याय आहे, पण हा अनुभवही आहे.

पाळ्याच्या त्या आईबापांची नावे आपण घेणार नाही. कायद्यानेही घेऊ नये आणि मुलीच्या मायेनेही घेऊ नये. परंतु त्यांनी केलेले काम आपण विसरू नये. सारी व्यवस्था डोळे मिटून बसली असताना त्यांनी आपल्या लेकराचे ऐकले, तिच्यावर विश्वास ठेवला आणि ते बाहेर येऊन बोलले. एका घराने तोंड उघडले म्हणून एका शाळेची कुलपे उघडली. असे घर आपले प्रत्येकाचे होवो!

जयभीम!